डिकी मिटेना: सेकंड हँड जर्मन एसयूव्ही, एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

या गाडीच्या इंजिनावर, गिअरबॉक्सवर, सस्पेन्शनवर ढीगभर लिहून झालंय आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. हायवेला सुरेख पळते. मुलुंड ते दादर सकाळच्या गर्दीत मायलेज विचारू नये. मागच्या सीटवर आईचे गुडघे दुखत नाहीत. झालं. आता डिकीबद्दल.

गाडी २०१६ च्या पासिंगची, एमएच-०२, डिझेल. नवी होती तेव्हाच्या पाव किमतीला अंधेरीत मिळाली. दाखवताना डीलरच्या पोराने किल्लीचं बटण दाबून डिकी उघडली, पुन्हा दाबून मिटवली, आणि आमच्याकडच्या मंडळींनी तिथेच गाडी पसंत केली. मला हा चोचलाच वाटला होता. आधीच्या वॅगन आरची डिकी आई एका हाताने आपटायची. लागायची.

पण पहिल्या काही महिन्यांत माझं मत बदललं. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे लोखंडी फळीवर (पॅलेटवर) एक गाडी वर आणि एक तिच्याखाली, आणि मला खालचा मजला मिळालाय. वरच्या पॅलेटला डिकी आपटणार हे उघड होतं. मग कळलं की डिकी हवी तेवढी वर नेऊन थांबवायची आणि तिच्या कडेचं बटण बीप येईपर्यंत दाबून धरायचं, की पुढच्या वेळेपासून ती तेवढीच उघडते. ही सोय ज्याने काढली त्याने नक्की कुठल्यातरी दाटीवाटीच्या शहरात दिवस काढले असणार. डीमार्टहून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्यावर तर मी या डिकीचं कौतुकही करायला लागलो होतो.

आणि जुलै आला.

डिकी नेहमीसारखी खाली यायची, टेकायची, एक क्षण थांबायची, आणि बीप बीप करत परत वर. सरकारी ऑफिसातल्या फाइलसारखी: टेबलापर्यंत जाते, सही न होता माघारी येते. कधी अर्धवट अडकून राहायची. मग डॅशबोर्डवर उघड्या डिकीचं लाल चित्र. गाडी नीट लॉक होत नाही. आतला दिवा रात्रभर जळत राहतो आणि सकाळी बॅटरी बसलेली. दोरी बांधून चालवा म्हणणारे शेजारी भेटले. डिकी उघडी ठेवून गाडी चालवली की सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. ते करू नका.

ज्यांच्याकडे अशी डिकी आहे पण आत काय चालतं हे कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना जे काळे दांडे दिसतात ते साधे गॅसचे शॉकर नसतात. त्यांत स्प्रिंग असते, आणि दोन्हींत किंवा काही गाड्यांत एकाच दांड्यात मोटर आणि लांब स्क्रू असतो. मोटर किती फिरली हे सेन्सर मोजतो, त्यावरून डिकी कुठवर आली हे गाडीला कळतं. मध्ये कोणाचा हात आला तर मोटरवर जोर येतो, करंट वाढतो आणि डिकी उलटी फिरते. दांडे डिकीला फक्त पहिल्या खटक्यापर्यंत आणतात. शेवटचे काही मिलिमीटर लॉकमधली वेगळी छोटी मोटर ओढून घेते. तिने ओढलं आणि लॉकच्या स्विचने ‘लागलं’ असा निरोप दिला, तरच काम संपलं. निरोप आला नाही, की गाडी समजते काहीतरी अडकलंय, उघडा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला लॉकच्या मोटरचा. इस्टिमेट आलं दोन्ही दांड्यांसकट: १,३८,००० रुपये, लेबर वेगळं, आणि ‘मॉड्यूल (डिकी चालवणारा कंट्रोलचा डबा) लागलं तर कळवू’. मी विचारलं, कोड लॉकचा आहे तर दांडे कशाला? “सर, आम्ही सेट बदलतो. सेफ्टी इश्यू आहे.” लॉक उघडून बघाल का? “सर, असेंब्ली येते.” म्हणजे अख्खं तयार लॉकच. तेव्हा सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, पण १८ टक्क्यांनीसुद्धा हा आकडा डिकीचा वाटत नाही, डिकीत भरून न्यायच्या सामानाचा वाटतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या दांड्यांची जोडी २२,००० ला मिळत होती, अपघाती गाडीतून काढलेली. गॅरंटी? “चालतंय बघून घ्या.” कुठे लावून बघू, खिशाला?

जीएसटी कमी झाल्याची ओळ सोडली तर इथपर्यंत ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं, ‘असली गाडी घेऊ नका’ या शीर्षकाखाली. गणपतीची मूर्ती मागच्या सीटवर मांडीवर धरून आणली, डिकीवर भरवसा नव्हता म्हणून. पुढचं दिवाळीनंतर लिहितोय आणि शीर्षक बदललंय.

झालं असं की रिव्हर्स कॅमेरा अधूनमधून फडफडायचा आणि नंबरप्लेटचा दिवा मिणमिणता झाला होता. सर्व्हिस सेंटरला दोन्ही सांगितलं होतं; त्यांनी जॉब कार्डवर दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहून घेतलं. भांडुपचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी हे ऐकल्यावर लॉककडे बघितलंच नाही. बिजागरीजवळची रबराची नळी सोलून मागे सरकवली.

“दांडे ठणठणीत आहेत साहेब. ते बिचारे डिकी आणून देतायत. घेणाऱ्याला करंट नाही.”

छतातून डिकीत जाणाऱ्या सगळ्या तारा त्या नळीतून जातात: लॉक, कॅमेरा, मागचा वायपर, नंबरप्लेट. डिकी उघडली की वाकतात, मिटली की सरळ होतात, आणि हे वर्षानुवर्षं एकाच जागी. त्यांतली अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी जाड तार जवळजवळ तुटलेली, चारदोन धागे शिल्लक, तेही ओल लागून हिरवे पडलेले. मामांनी मला मीटर लावून दाखवला: १२ व्होल्ट. “दिसतो बरोबर, कारण मीटर काही खातच नाही.” मग मोठा बल्ब लावला, तो जेमतेम लाल झाला. कॅमेऱ्यासारख्या गरीब गिऱ्हाइकाला ते धागे कसेबसे पुरत होते. लॉकच्या मोटरने एकदम करंट मागितला की संपलं. स्कॅनरला मोटर हललेली दिसत नाही, तो मोटरचं नाव घेतो. त्याचं काम तेवढंच. पुढे बल्ब लावून बघायचं काम माणसाचं, आणि ते इस्टिमेटमध्ये कुठल्याच ओळीत नव्हतं.

दुरुस्तीत एक गोष्ट महत्त्वाची, कुठेही करून घेतलीत तरी उभं राहून बघा. तुटलेल्या जागीच सोल्डर मारून टेप गुंडाळला तर तिथे तार कडक होते आणि तिथूनच परत तुटते. मामांनी सहा तारांचा वाकणारा भाग कापूनच टाकला, तिथे सिलिकॉनची मऊ वायर घातली, आणि जोड नळीच्या बाहेर, मागेपुढे ठेवले, म्हणजे गाठ एका जागी येत नाही. वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारं आवरण. मग डिकी हाताने पूर्ण लावून बटणाने एकदा सगळी वर, एकदा सगळी खाली, म्हणजे गाडी आपलं माप पुन्हा शिकते. स्टॅक पार्किंगची उंची मात्र पुसली गेली, ती घरी येऊन परत भरली. बरं झालं आठवलं, नाहीतर पॅलेटचा खर्च वेगळा.

सामान आणि मजुरी मिळून ३,५०० रुपये. मामांनी मागितले ३,०००, वरचे माझे.

तेव्हापासून एकदाही परत वर गेलेली नाही. कॅमेरा स्वच्छ. वायपर आता जोरात फिरतो. तो आजवर दमलेला होता हे आम्हाला माहीतच नव्हतं.

राहिलं ते हे: लॉकची मोटर ओढताना थोडा किर्र आवाज करते. बरेच दिवस अर्धपोटी राबल्यामुळे ती कधीतरी जाईल असं मामांचं म्हणणं. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर नुसतं लॉकही मिळतं, १९,००० ला, आठवड्याभरात. ‘असेंब्ली येते’ ती हीच. मागवलेलं नाही. गेली की बघू.