शिकाऊ वेल्डरसाठी ऑटो-डार्क हेल्मेट: घ्या, पण ग्राइंड मोडचा नॉब कुठे आहे ते बघून

वेल्डिंग शिकणाऱ्याचे पहिले दिवस रॉड चिकटण्यातच जातात. साध्या काळ्या काचेतून आर्क (रॉड आणि धातूमधला झगझगीत विजेचा झोत) पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. नेम धरून मान झटकत हेल्मेट खाली पाडायचं, तेवढ्यात हात जॉइंटवरून सरकलेला असतो. ऑटो-डार्क हेल्मेटमध्ये आर्क नसताना काच ३ किंवा ४ शेडची असते (शेड म्हणजे काचेच्या गडदपणाचा आकडा), त्यामुळे रॉडचं टोक नीट दिसतं. आर्क पेटताच ती गडद होते. चांगल्या फिल्टरला सेकंदाचा २५ हजारावा भागही पुरतो. मग शिकाऊचं लक्ष आर्कच्या लांबीवर राहतं. रॉडच्या जाडीएवढं अंतर धरून ठेवणं हाच तर पहिला धडा.

शिकवायला आर्कचा उजेड टिपणाऱ्या चार सेन्सरचंच घ्या. सपाट प्लेटवर बीड (वेल्डची सलग रेघ) टाकायला दोन पुरतात, पण पाइपच्या खालून किंवा कोपऱ्यात वेल्डिंग करताना शिकाऊचा स्वतःचाच हात सेन्सरच्या आड येतो आणि काच मध्येच उजळते. असे दोन-चार झटके बसले की तो आर्क मारताना डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय मोडणं फार जड जातं. काच उजळ असली तरी अतिनील आणि अवरक्त किरण फिल्टर अडवतोच, हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

खरी खोट ग्राइंड मोडमध्ये, म्हणजे ग्राइंडरने घासताना लावायच्या सेटिंगमध्ये आहे. या मोडमध्ये आर्क पेटला तरी काच काळी होत नाही. काही हेल्मेटांत हा मोड आतल्या शेडच्या किंवा सेन्सिटिव्हिटीच्या (किती उजेडाला काच काळी व्हावी हे ठरवणाऱ्या) नॉबच्या टोकाला असतो. शिकाऊ ग्राइंडर फिरवतो, नॉब तिथेच विसरतो, रॉड टेकवतो आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. वेगळं बटण बाहेरून असलेलं आणि मोड चालू असताना दिवा लुकलुकणारं मॉडेल शोधा. हा दिवा नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही शिकाऊला ते देऊ नये.

सेटिंगचं म्हणाल तर ३.१५ मिमी रॉड, १०० ते १२० अँपिअर: शेड ११ पासून सुरू करा आणि वितळलेल्या धातूची कड स्पष्ट दिसत नसेल तर १० वर या. सेन्सिटिव्हिटी आधी पूर्ण वाढवा, मग वर्कशॉपमधल्या दिव्यांनी काच काळी होणं थांबेपर्यंत कमी करा. डिले, म्हणजे आर्क विझल्यावर काच उजळायला लागणारा वेळ, टॅकिंगला (छोटे टाके मारताना) कमी, लांब बीडला जास्त, कारण आर्क विझल्यावरही धातू लखलखतच असतो. टिगमध्ये (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या वेल्डिंगमध्ये) अगदी कमी करंटला काही फिल्टर लुकलुकतात, तिथे आधी तपासून घ्या.

‘अंधुक दिसतंय’ म्हणत शिकाऊ शेड कमी करायला जातो, तेव्हा आधी बाहेरची पारदर्शक काच बघा. बहुतेक वेळा ती स्पॅटरने (उडालेल्या वितळलेल्या थेंबांनी) भरलेली असते किंवा नवीन असताना तिच्यावरची प्लास्टिक फिल्म काढायचीच राहिलेली असते. ही काच झिजणारीच आहे, जादा संच जवळ ठेवा. ती न लावता वेल्डिंग केलं तर स्पॅटर थेट फिल्टरवर चिकटतं आणि फिल्टर बाद होतो.

स्लॅग (वेल्डवरचा कडक थर) ठोकताना हेल्मेट वर जाणारच, म्हणून आत गॉगल हवाच. आणि दुसरं हेल्मेट शिकवणाऱ्यासाठी घ्या. शेजारून उघड्या डोळ्यांनी डोकावलं तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, आणि तोवर काम संपून माणूस घरी गेलेला असतो.