पहाटेचं बेसबॉल आणि बंदरावरची आंबोळी

मालवणात पहाटे साडेपाचला बेसबॉल कुठे बघायला मिळेल, हा प्रश्न माझ्याखेरीज कुणाला पडत असेल असं वाटत नाही. तरी लिहून ठेवतो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चहाचं हॉटेल आहे. पाटी आहे, पण तिच्यावरचं नाव खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्लंय. सगळे 'भाऊंचं हॉटेल' म्हणतात, आणि मालवणात भाऊ किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत गुणलेखन करतो. बेसबॉलकडे ओढला गेलो तो स्कोअरशीटमुळे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला नंबर असतो: पिचर (गोलंदाज) १, कॅचर (यष्टिरक्षकासारखा) २, असं करत उजवीकडच्या बाहेरच्या क्षेत्ररक्षकापर्यंत ९. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला, नंबर ६) चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर (४) दिला, तिथून पहिल्या बेसवर (३) गेला, दोघे बाद, की वहीत फक्त ६-४-३ लिहायचं. इतकी आटोपशीर नोंद मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकन लीगची अंतिम मालिका टोरांटो आणि सिएटल यांच्यात होती. सातांतले चार जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. पहिला सामना घरी लावला. तिसऱ्या इनिंगमध्ये (बेसबॉलात त्या नऊ असतात) पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. नेटवाल्याचं नाव घेत नाही, तो सकाळी नऊपर्यंत फोन उचलत नाही एवढंच सांगतो. दुसरा सामना रात्री अडीचला होता, त्याला मी झोपेत मुकलो. तिसऱ्यासाठी १६ तारखेला फोन आणि टीव्हीला लावायची कांडी खिशात घालून भाऊंकडे गेलो. होड्यांवर जाणाऱ्यांसाठी ते साडेचारलाच चूल पेटवतात.

"लाय," भाऊ म्हणाले. "पण आवाज नको. नि कायतरी खा."

तर आधी खाण्याबद्दल. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आंबोळी बिडाच्या तव्यावरची, कडा कुरकुरीत, मधे जाळी, आणि पीठ रात्रभर आंबल्याचा तो हलका आंबूस वास. सांबाऱ्याचं वाटण भाजक्या खोबऱ्याचं. वाटाणे बोटाने दाबले तर फुटतात, पण गळून पीठ झालेले नाहीत. हे पहाटे पाचला जमवायचं म्हणजे घरातलं कुणीतरी तीनला उठलेलं असतं. प्लेट ४० रुपये. चहा मात्र फार गोड. कमी साखरेचा सांगितला तर भाऊ "होय" म्हणतात आणि तोच देतात. बटाटेवडा सातच्या आधी मागू नका, तो कालचा असतो.

आता टीव्ही. मोठा आहे, चित्र स्वच्छ आहे, नेट चारही दिवसांत दोनदाच अडकलं. पण तो लावलाय कोपऱ्यात, फ्रीजच्या वर, आणि फ्रीजवर दत्ताची तसबीर. तसबिरीचा हार नेमका पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर येतो. धावसंख्या, कोण कुठल्या बेसवर, किती बाद, सगळं त्या झेंडूच्या मागे. हार सरकवायला मी गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका.

उपाय म्हणून टेबलावर बेसच्या चार बशा मांडल्या, चौकटीसारख्या, एक कोपरा, म्हणजे फलंदाजाचं 'घर', माझ्याकडे. धावपटू म्हणजे पार्ले-जी. बाद झालेला फलंदाज मी खायचा, बेस फिरून घरी परतलेला, म्हणजे धाव काढलेला, ज्याला हवा त्याने. तासाभरात शेजारच्या बाकावरचे तिघे बशांभोवती आले. टीव्हीकडे कुणी बघेना, "दुसऱ्या बेसार कोण असा?" हेच. एकाने माझ्या वहीतलं ६-४-३ वाचून हळूच विचारलं, "ह्यो आजचो आकडो काय रे?"

धनत्रयोदशीला सकाळी दुसऱ्या लीगचा सामना लावला, लॉस एंजेलिस विरुद्ध मिलवॉकी. लॉस एंजेलिसच्या ओहतानीने त्या दिवशी गोलंदाजी करून १० फलंदाजांना स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि फलंदाजी करून तीन होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारले. भाऊ झारा हातात घेऊन उभे राहिले. "तोच टाकता आणि तोच मारता? मगे बाकीचे कित्याक ठेवल्यानी?" मिलवॉकीकडेही याचं उत्तर नव्हतं, ते मालिका ४-० ने हरून घरी गेले.

आमच्याकडे नॉकआऊट असतं. गावाची टीम सकाळी टेम्पोतून येते, पाच षटकांत हरते, आणि टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं यावर पुढच्या वर्षापर्यंत धुसफूस चालते. एक वाईट तास, खेळ खलास. इथे टोरांटो पहिले दोन सामने आपल्याच मैदानावर हरलं, मग सिएटलला जाऊन १३-४ आणि ८-२ असं बडवून आलं. पाचव्यात सुआरेझने आठव्या इनिंगला तिन्ही बेसवर धावपटू असताना होमरन मारून सिएटलला पुन्हा पुढे काढलं. त्याच सामन्यात टोरांटोच्या स्प्रिंगरच्या गुडघ्यावर चेंडू बसला आणि तो लंगडत बाहेर गेला. हे लक्षात ठेवा.

सहावा सामना चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला आला. भाऊंचं हॉटेल बंद, आणि ते बरोबरच आहे. मी तुळशीपुढे कारीट फोडलं, आंघोळ केली आणि पाच तऱ्हेच्या पोह्यांसमोर फोन टेकवून बसलो. नेटवाल्यानेही आंघोळ केली असावी, चक्क चाललं. टोरांटो ६-२. आईने विचारलं, "सणाच्या दिवशी ह्या काय?" तिला गूळपोहे वाढायला सांगितले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सातवा. बशा मी जायच्या आधीच मांडलेल्या. रापणीवरचे (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) एक आजोबा सिएटलच्या बाजूचे झाले होते, कारण १९७७ पासून हा संघ एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेला नाही असं मी सांगून बसलो होतो. टोरांटोही १९७७ चंच, पण ते दोनदा जिंकलेत, हे ऐकल्यावर त्यांचा निर्णय पक्का झाला. सिएटलच्या रॉड्रिगेझचा होमरन, मग रालीचा. हा राली कॅचर आहे, म्हणजे आख्खा सामना उकिडवा बसणारा माणूस, आणि हंगामात त्याचे ६० होमरन. ३-१ सिएटल. आजोबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

सातवी इनिंग. टोरांटोचा एक जण चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर, दुसऱ्याचा फटका. दोन बिस्किटं. पुढचा हिमेनेझ, त्याने बॅट नुसती चेंडूला लावली, स्वतः बाद झाला आणि दोघांना एकेक बशी पुढे सरकवलं. त्याला मी खाल्लं. आजोबांना ते पटलं नाही. मुद्दाम बाद होणारा माणूस त्यांनी मैदानावर पाहिलेला नव्हता. "आपणहून आऊट?" "होय, दुसऱ्यांसाठी." ते गप्प झाले. सिएटलने पिचर बदलला. समोर स्प्रिंगर, तोच गुडघेवाला. तिसरं बिस्किट मी पहिल्या बशीजवळ हातात धरून थांबलो.

आवाज बंद असल्यामुळे आधी कळलंच नाही. चेंडू डावीकडे प्रेक्षकांत पडला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलेलं दिसलं, पण इथे फक्त तेलात वडे चुरचुरत होते. तिन्ही बिस्किटं एकामागून एक माझ्यासमोरच्या बशीत आणून ठेवली. ४-३. शेवटी तोच रॉड्रिगेझ स्ट्राइकआऊट झाला आणि सिएटलचं राहिलं ते राहिलंच.

आजोबांनी ती तिन्ही बिस्किटं उचलली, एकदमच चहात बुडवली आणि मासळीच्या लिलावाकडे निघून गेले.

बसायला बाकं अरुंद, पंखा एकच, गाडी लावायला जागा नाही. तरी माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चहासाठी. निघताना बिल बघितलं तर दोन आंबोळ्या, सात चहा आणि बिस्किटांचे अख्खे दोन पुडे.

"भाऊ, बिस्किटं सगळ्यांनी खाल्ली."

"कोणी खाल्ल्यानी ता माका माहीत नाय," भाऊ दारात रांगोळीसाठी पाणी मारत म्हणाले. "वही तुझ्याकडे असा."