मॅन्युअल स्पोर्ट्स कारचे गियर रफ पडतायत: ऑईल, क्लच, शॉर्ट शिफ्टर की थेट गिअरबॉक्स?

मुंबईत मॅन्युअल स्पोर्ट्स कार ठेवणारे तसे मोजकेच, कोणाकडे सेकंडहँड निसान ३७०झेड, कोणाकडे जुनी पोर्शे केमन, कोणाकडे स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, आणि आता काहींनी बीएमडब्ल्यू एम२ मुद्दाम मॅन्युअलमध्ये घेतलीय. कधी ना कधी गियर रफ पडायला लागतात आणि मग चार जणांना विचारलं की चार सल्ले येतात. गियर ऑईल बदल, क्लचचं काम कर, शॉर्ट शिफ्टर (लिव्हर कमी हलवून गियर पडावा म्हणून लावतात तो पार्ट) टाक, नाहीतर गिअरबॉक्स उघड. खर्च काही हजारांपासून लाखांपर्यंत, म्हणजे चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली तर खिसाही रिकामा आणि गियर तसाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या गाडीत पहिला संशय क्लचवर घ्यायचा, त्यातही क्लचच्या हायड्रॉलिकवर (पेडलचा दाब फ्लुइडमधून क्लचपर्यंत नेणारी लाईन), गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. नेटवर पहिला सल्ला बहुतेक वेळा गियर ऑईलचा असतो कारण तिकडे थंडीत ऑईल घट्ट होऊन सकाळी सेकंड पडत नाही वगैरे, आपल्याकडे जानेवारीतही तशी थंडी कुठे असते. आपल्याकडे असतो वेस्टर्न एक्सप्रेसवरचा संध्याकाळचा ट्रॅफिक, दर दहा फुटांवर क्लच दाबायचा, आणि वर्षभराची दमट हवा.

पण त्याआधी रफ म्हणजे नक्की काय ते बघा, कारण गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "गियर हार्ड आहे" म्हटलं की समोरचा त्याला सोयीचं ते काम काढतो. गियर टाकताना खर्रर्र आवाज येतो, की आवाज नाही पण लिव्हर अडकतो आणि जोर लावावा लागतो, की गियर नीट पडतो पण क्लच सोडल्यावर झटका बसतो? ही तीन वेगळी दुखणी आहेत. झटक्याचं मूळ बहुतेक वेळा गिअरबॉक्सबाहेर असतं, इंजिन माउंट दबलेत, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं झटके शोषणारं जड चाक) संपलंय किंवा सरळ आपलाच पाय, त्यासाठी बॉक्स उघडायला देऊ नका.

आता घरच्या घरी करायच्या चाचण्या. इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून बघा, बंद गाडीतही अडकत असेल तर लिव्हरला बॉक्सशी जोडणारं लिंकेज, केबल, बुश असलं काहीतरी बघायला लागेल. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडकतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हे पक्कं करायला चालू गाडीत न्यूट्रलला क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, तरी खर्रर्र आलं तर क्लच ड्रॅग होतोय. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गियर नीट पडतो? मग हायड्रॉलिकच. आणि फक्त एकाच गियरला त्रास असेल, विशेषतः सेकंडला, आणि डबल क्लच केल्यावर (न्यूट्रलला एकदा क्लच सोडून, पुन्हा दाबून मग गियर टाकल्यावर) तो गुमान पडत असेल, तर सिंक्रो (गियर पडताना आतले वेग जुळवणारी रिंग) घासलाय. एम२ किंवा ३७०झेडसारख्या गाडीत रेव्ह मॅचिंग चालू असेल तर ते आधी बंद करा, डाउनशिफ्टला कॉम्प्युटर आरपीएम जुळवून देतो आणि थकलेला सिंक्रो लपून राहतो.

क्लचच्या कामांत हायड्रॉलिकचं काम सगळ्यात स्वस्त. क्लचमध्ये बहुतेक गाड्यांत ब्रेक फ्लुइडच असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ घेतलं तर नव्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शिरल्यावर तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, त्यामुळे दोन वर्षांनी बदलायचं असतं. गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची टाकी एकच असते, गॅरेजवाला ब्रेकच्या चारही चाकांवर फ्लुइड बदलतो आणि क्लचच्या ब्लीड निपलला (जिथून जुनं फ्लुइड काढतात) हातच लावत नाही, बिलावर मात्र "फ्लुइड चेंज" असतं. त्या लाईनमधलं जुनं फ्लुइड काळं होऊन तिथेच बसलेलं असतं. म्हणून क्लच लाईन ब्लीड करा असं वेगळं सांगायचं आणि समोर उभं राहायचं. ३७०झेडवाल्यांनी तर जास्तच, कारण तिचा स्लेव्ह सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या आत आहे, तो गळायला लागला की पेडल खाली बसतं आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

गियर ऑईलचा खर्चही साधारण तसाच, दोन-तीन लिटरचा मामला, आणि फायदा होतोही, पण तो अडकण्यावर होतो, खर्रर्रवर फारसा नाही. इथे ग्रेड महत्त्वाचा. कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल तर दुकानदार "जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी" म्हणाला तरी घेऊ नका, जीएल-५ मध्ये जास्त लोड झेलणारी ॲडिटिव्ह जास्त असतात, ती पितळी सिंक्रो रिंगला बाधू शकतात आणि सिंक्रोला जी थोडी पकड लागते ती पण कमी होऊ शकते. मॅन्युअल बघायचं, तेच टाकायचं. काम करताना आधी वरचा फिल प्लग सुटतोय का ते बघायला सांगा, खालून सगळं ऑईल काढलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच.

माझ्या मते ऑईल बदलण्याचा खरा फायदा म्हणजे बॉक्स न उघडता आतलं कळतं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडा चिकट थर असतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, लोखंडाचे तुकडे दिसले तर वाईट. ऑईलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजतायत (काही गाड्यांत रिंगा कार्बनच्या असतात, तिथे ही चमक दिसणार नाही). आणि ऑईल दुधट निघालं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात अंधेरी सबवे, हिंदमाता अशा ठिकाणी पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की बघा, गरम बॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या वाटेतून) पाणी आत ओढतो. अशा वेळी बाकी सगळा विचार बाजूला ठेवून ऑईल आधी बदलायचं.

क्लच सेट बदलणं हे मधलं पण जड काम, इम्पोर्टेड गाडीला सहज लाखाच्या घरात. प्लेट घासली की क्लच स्लिप होतो, चौथ्या-पाचव्यात ॲक्सिलरेटर दिला की आरपीएम चढतो, गाडी चढत नाही. त्याने गियर रफ होत नाहीत. गियर रफ होतात क्लच सुटत नसेल तेव्हा, म्हणजे प्लेट वाकडी, प्रेशर प्लेटची बोटं झिजलेली, पायलट बेअरिंग जाम, असं काहीतरी. म्हणून ब्लीड करून, मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) आणि स्लेव्ह तपासून मगच इकडे या. बॉक्स उतरवलाच तर रिलीज बेअरिंग, आतला स्लेव्ह असेल तर तो, मागचं ऑईल सील, सगळं त्याच वेळी, कारण मजुरी पुन्हा तीच पडते.

शॉर्ट शिफ्टरबद्दल थोडक्यात, हा दुरुस्तीचा पार्ट नाहीच. थ्रो, म्हणजे लिव्हर हलवायचं अंतर कमी होतं, पण तेच काम कमी अंतरात करायला जास्त जोर लावावा लागतो, रफ गियर आणखी रफ वाटतो. सगळं नीट असलेल्या गाडीत मजा येते, नाही असं नाही. केमनसारख्या मिड इंजिन गाडीत लिव्हरपासून मागच्या बॉक्सपर्यंत लांब केबल जातात, तिथे केबल आणि बुश बदलले तर त्यापेक्षा जास्त फरक पडेल.

राहिला गिअरबॉक्स. एकाच गियरला खर्रर्र, क्लच ठीक, डबल क्लच केल्यावर ठीक, एवढं जुळलं तरच उघडायचा. नुसती रिंग बदलून चालत नाही, गियर पकडणाऱ्या स्लीव्ह-हबचे दात गोल झाले असतील तर नवी रिंग पण लवकर जाते, वर बेअरिंग आणि सील आलेच, पार्ट बाहेरून मागवले की कस्टम आणि वाट बघणं वेगळं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसऱ्या गाडीतला बॉक्स शोधायचा पर्याय असतो, व्हीआरएससारख्या गाडीला चालूनही जाईल, पण त्या बॉक्सचा इतिहास कोणी सांगत नाही, तोही दोन पावसाळे पाण्यात उभा असेल.

गाडी फक्त रविवारी सकाळी कोस्टल रोड नाहीतर खंडाळ्यापर्यंत जाणार असेल आणि त्रास सेकंडलाच असेल, तर सिंक्रोचं काम खुशाल पुढे ढकला, सेकंडला डबल क्लच करा, घाई करू नका, बरीच वर्षं निघतात. पण रोज बीकेसीला त्याच गाडीने जात असाल तर या महिन्यात क्लच लाईन ब्लीड आणि गियर ऑईल एकत्र करून घ्या, निघालेलं ऑईल पांढऱ्या डब्यात ठेवायला सांगा आणि ते स्वतः बघितल्याशिवाय पुढच्या कुठल्याही कामाला हो म्हणू नका.