आठ महिने समुपदेशन घेतल्यावर: विश्वास बसला तो असा

गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. दुकानात गिऱ्हाइकावर उगीच खेकसायचो. शेवटी राजारामपुरीतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जायला लागलो. दर मंगळवारी, पन्नास मिनिटं. त्याआधी दुसरीकडे एकदा गेलो होतो. तिथं दहाव्या मिनिटालाच "वय झालंच होतं त्यांचं, मन कशात तरी रमवा" हे ऐकलं आणि परत पाऊल टाकलं नाही.

खरी भीती वेगळीच होती. कोल्हापुरात तिसरा माणूस ओळखीचा निघतो. इथलं बोलणं महाद्वार रोडला पोचलं तर? मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश, अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद. वर म्हणाल्या, "बाहेर दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही." महिन्याभरात रंकाळ्यावर समोरासमोर आलो, बायको बरोबर होती. त्या सरळ पुढं गेल्या. त्या दिवशी मला केवढं हलकं वाटलं!

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, "समजू शकते, माझेही वडील असेच गेले." मी गप्प झालो. पुढचे दोन मंगळवार दुकानाचं निमित्त सांगून बुडवले. परत गेलो तर बसल्या बसल्या त्यांनीच विषय काढला, "मी माझ्या वडिलांचं बोलले आणि तुम्ही मिटलात. माझं चुकलं का?"

"हो," म्हटलं. "असेच नाही गेले. आई गेली तेव्हा माझा फोन सायलेंटवर होता."

हे मी घरातही बोललो नव्हतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, "किती कॉल होते?"

"सात."

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये लिहिलंय की समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं अनुभवावं, पण त्यातलं 'जणू' सुटू देऊ नये. हे मॅडमनीच नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या हातून तेच 'जणू' सुटलं होतं. त्यांनी ते कबूल केलं म्हणूनच माझं तोंड उघडलं, असं मला ठामपणे वाटतं.

फी मला जड जाते, म्हणून आता पंधरवड्यातून एकदा जातो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत.

पुढच्या मंगळवारी बहिणीला बरोबर नेणार आहे. त्या सातातले तीन कॉल तिचे होते.