पातळ केलेले इपॉक्सी रेझिन माझ्या गळ्यात मारले गेले, त्याची हकीकत

फायबरग्लासच्या एका लहान होडीच्या तळाला काचकापडाचे तीन थर द्यायचे होते, म्हणून मी एका विक्रेत्याकडून इपॉक्सी रेझिन, म्हणजे कापड चिकटवून घट्ट होणारा द्रव, आणि ते घट्ट होण्यासाठी त्यात मिसळायचे हार्डनर घेतले. मोठ्या पिंपातून भरून दिलेल्या त्या डब्यांवर ना बॅच क्रमांक होता, ना सोबत माहितीपत्रक. रेझिन तेलासारखे ओघळत होते. विचारले तेव्हा, हा लॅमिनेशनचा, म्हणजे कापडाचे थर चढवण्याचा, माल आहे, कापडात लवकर मुरतो, असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले, कारण लॅमिनेशनचे रेझिन पातळ असतेच.

चौथ्या दिवशीही थरात नख रुतत होते आणि बोट टेकवले की ठसा उमटत होता. विक्रेत्याने सारा दोष माझ्या मापावर ढकलला. इपॉक्सी घट्ट न होण्याची बहुतेक कारणे काम करणाऱ्याच्याच हातून घडतात, हे त्याला नेमके ठाऊक होते: वजनाने सांगितलेले प्रमाण आकारमानाने मोजणे, भांड्याच्या कडेचे व तळाचे रेझिन न ढवळता राहणे, गारठ्यात काम करणे. म्हणून मी नमुना पुन्हा काट्यावर मोजला, ढवळून दुसऱ्या भांड्यात ओतला, तिथेही ढवळला आणि उबदार जागी ठेवला; तोही रबरासारखाच राहिला.

मग त्याने हार्डनर वाढवायला सांगितले. हा सल्ला घातक आहे. पॉलिएस्टर या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया सुरू करून देणारा घटक, साधारण १ ते २ टक्के लागतो आणि त्या मर्यादेत कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत मात्र हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो, त्यामुळे जास्तीचा भाग तसाच उरून थर मऊ ठेवतो.

शेवटी मी ५० ग्रॅम नुसते रेझिन, हार्डनर न घालता, पसरट तबकडीत उघडे ठेवले. दोन दिवसांनी काट्यावर ४४ ग्रॅम भरले, उरलेले रेझिन मधासारखे दाट झाले होते आणि तबकडीला थिनरचा वास येत होता. चांगल्या लॅमिनेशन रेझिनला पातळ करणारे घटक अभिक्रियेत बांधले जातात, ते असे हवेत उडून जात नाहीत. म्हणजे मला रेझिनच्या किमतीत थिनर विकला गेला होता. हे वजन कळवल्यावर विक्रेत्याने उत्तर देणेच बंद केले.

मऊ थरावर नवा थर चढवून उपयोग नसतो. हातमोजे घालून, कारण कच्चे इपॉक्सी त्वचेला बाधते आणि एकदा बाधले की पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो, मी तिन्ही थर खरवडून काढले, तळ ॲसिटोनने पुसला आणि पुन्हा घासला. नंतर आणलेल्या सीलबंद डब्यातील रेझिनचा नमुना आधी कपात ओतून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यावर नख टेकवले तर ते घसरले, आणि मगच मी कापड कापायला घेतले.