जुन्या दगडखाणीचा शोध घेताना आधी खाणपट्ट्याची (खाण चालवायच्या सरकारी परवानगीची) फाइल काढावी की जमिनीचे जुने कागद? शोध घराण्याचा आहे की खडकाचा, यावर ते ठरतं.

मराठवाड्यात खाण म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाची. तिचे कागद दोन जागी असतात. खाणपट्ट्याची फाइल जिल्हा खनिकर्म शाखेत किंवा तहसीलमध्ये असते, तर खाण ज्या शेतात आहे त्याचे महसुली कागद तहसीलमध्ये आणि भूमी अभिलेखमध्ये.

घराण्याचा शोध असेल तर आजोबा खाणीत कोण होते, यावर सगळं ठरतं. पट्टा त्यांच्या नावावर असेल तर फाइलच आधी काढा. तिच्यात अर्ज, सही किंवा अंगठा, चतुःसीमा, पंचनामा असं पुष्कळ मिळतं. ते दगड फोडणारे असतील तर मात्र फाइलमागे महिना घालवू नका. फोडकाम करणारे मुकादमाच्या हाताखाली असत आणि फाइलमध्ये त्यांची नावं सहसा नसतात. 1952 च्या खाण कायद्याखाली कामगारांची नोंदवही ठेवावी लागे, पण 6 मीटरच्या आत खोली, 50 च्या आत माणसं आणि सुरुंगाचा वापर नाही, अशा उघड्या दगडखाणींना त्या कायद्याची बहुतेक कलमं लागू नव्हती. म्हणून खाणीत सुरुंग उडत होते का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा. नोंदवही नसेल तर कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद) आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही बघा.

महसुली बाजूने 1954-55 चं खासरा पत्रक (शेतवार मालक-कसणाऱ्यांची नोंद), मग फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), असा क्रम ठेवा. त्याआधीचे कागद उर्दूत नाहीतर मोडीत असतात आणि साल फसली, म्हणजे निजामी राजवटीतलं महसुली साल, असतं. फसली सालात 590 मिळवा, म्हणजे 1317 फसली हे 1907-08. उर्दूत नुक्ते पुसले गेले की 'ब', 'प', 'त' सारखेच दिसतात. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर जुळतो का ते पाहा. हमखास घोटाळा इथेच होतो: फाइलमध्ये गट नंबर, जुन्या कागदात सर्व्हे नंबर. जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; त्याचा जुना-नवा तक्ता भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खडकाचा अभ्यास असेल तर जमिनीच्या कागदांचा उपयोग जागा पक्की करण्यापुरताच. फाइलमधला नकाशा आणि पंचनामा कामाचा. त्यातला ब्रासचा आकडा (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) किती भरलं ते सांगतो, प्रत्यक्षात किती खोदलं ते नाही. त्यावरून खोली काढायला जाल तर चुकाल. आणखी एक मोठी चूक म्हणजे दोन खाणींतले थर जमिनीपासूनच्या खोलीवर जुळवणं. बेसाल्टचे, म्हणजे या काळ्या दगडाचे, थर जवळजवळ आडवे असतात, म्हणून ते समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरच जुळवावेत. समजा, एका खाणीचं तोंड 610 मीटरवर आहे आणि 8 मीटरवर लाल थर लागला, तर तो 602 वर आहे. शेजारची विहीर 606 वर असेल तर तोच थर तिथे 4 मीटरवर शोधायचा. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशी खडकांची गावाकडची नावं पंचनाम्यात असतील तर जसेच्या तसे उतरवून घ्या.

खाणीचा कागद वरच्या काही मीटरपुरताच बोलतो. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर 617 मीटर खोल भोक घेतलं तेव्हा बेसाल्ट 338 मीटर निघाला, त्याखाली 8 मीटर गाळाचा थर आणि मग जुना स्फटिकी खडक. एवढ्या खालचं हवं असेल तर खाणपट्टा सोडा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे बोअर लॉग (भोकात किती खोलीवर कोणता खडक लागला त्याच्या नोंदी) मागा. देगलूरकडे जिथे ग्रॅनाइट वरच उघडा पडलाय, तिथे फाइल पुरते.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर करा, विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांत बसवा. अर्जात गट नंबर आणि साधारण वर्षं दोन्ही लिहा. नुसतं गावाचं नाव दिलं तर 'अभिलेख आढळून येत नाही' एवढंच उत्तर यायचं.