रमजान डायरी, किंमत १६० रुपये, पूर्ण महिना वापरून मगच लिहून राहिलो

आधीच सांगतो, मी असल्या वस्तूंचा गिऱ्हाईक नाही. प्लॅनर, ट्रॅकर वगैरे आमच्या लेकीच्या जगातल्या गोष्टी, माझ्याकडं दुकानात लाल वही असते अन् तिच्यात उधारी, बस. पण रमजानच्या चार दिवस आधी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात खजूर घ्यायला गेलो, तिथं टोप्या-अत्तर-मिस्वाक विकणाऱ्या एका पोराच्या टेबलावर ही डायरी पडलेली, मराठीत. मराठी दिसलं म्हणून थांबलो. माझी शाळा काटोलची, जिल्हा परिषदेची, मराठी माध्यम. अरबी वाचता येते कारण लहानपणी मौलानांनी छडी घेऊन शिकवली, पण अर्थ कळत नाही, उर्दू बोट ठेवून ठेवून वाचतो, म्हणजे चाळीस वर्षांत कुरआन किती वेळा वाचून खतम केला ते सांगता येईल पण कळला किती ते विचारू नका. इथून सत्तरेक किलोमीटरवर पवनारचे विनोबा अरबी शिकून मुळातून कुरआन वाचून गेले आणि आपण मोमिनपुऱ्यात उभं राहून खजुराचा भाव करून राहिलो, असं काहीतरी मनात आलं. पोरगा दोनशे म्हणे, मी दीडशे, १६० ला तुटली.

आतमध्ये काय आहे तर तीस रोजे, प्रत्येक दिवसाला समोरासमोर दोन पानं. डाव्या पानावर चौकोन, पाच नमाजा, तरावीह (रमजानमधली रात्रीची जास्तीची नमाज), कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, किती वाचले, सदका म्हणजे दान दिलं का, आणि सहरी (रोजा सुरू व्हायच्या आधीचं पहाटेचं खाणं) अन् इफ्तार (संध्याकाळी रोजा सोडणं) यांचा टाइम. उजव्या पानावर कुरआनातल्या एका आयतीचा, म्हणजे वचनाचा, मराठी अर्थ, चार ओळीत समजावून सांगितलेला, आणि खाली तीन कोऱ्या ओळी, वर लिहिलेलं "आज हे कुठं लागू पडलं?"

आता पहिली शिवी टाइमवर. छापलेला टाइम मुंबईचा आहे! नागपूर मुंबईच्या इतकं पूर्वेला की आपल्याकडं सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. इफ्तार वीस मिनिटं उशिरा झाली तर फक्त पोटात कावळे ओरडतील, पण सहरी डायरीतल्या टाइमवर केली तर इथं फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, अजान होऊन गेलेली असते आणि तुम्ही चहात टोस बुडवून राहिले असता, रोजाच गेला ना मग. माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं कारण मशिदीतून मिळणारा कागद फ्रिजवर लावलेला होता, पण नवीन माणूस, हॉस्टेलचं पोरगं, एकटा राहणारा, तो तर फसलाच. विदर्भात विकता तर विदर्भाचा टाइम छापा, नाही तर ती जागा कोरी सोडा.

दुसरी गोष्ट ते चौकोन. पहिले पाच-सहा दिवस मला भारी मजा आली, रात्री तरावीहहून आलो की टिक टिक टिक, पूर्ण पान हिरवं. (हिरवा पेन मुद्दाम आणला होता, हसू नका.) मग सहाव्या दिवशी साल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर त्या पानाचा फोटो पाठवला, बघ म्हणे मी. आणि दुसऱ्या दिवशीची आयत कोणती निघाली तर सूरा माऊनची (सूरा म्हणजे कुरआनातला अध्याय), जे नमाज पढतात पण लोकांना दाखवायला, आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू द्यायला नाही म्हणतात, त्यांच्यासाठी बरबादी आहे. ज्यानं डायरी बनवली त्यानं हे मुद्दाम सातव्या दिवशी ठेवलं असन तर मानलं बाप्पा त्याला. त्या दिवसापासून डावं पान बंद केलं. माझ्या मते डायरीतला हा अर्धा भाग फुकट आहे, उलट नुकसानच करतो.

उजव्या पानाचे मात्र पैसे वसूल, आणि ते नवव्या दिवशी.

आमचं कटपीसचं दुकान आहे, ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, टू बाय टू, पोपलिन, हाच माल. नवव्या दिवसाची आयत म्हणजे सूरा मुतफ्फिफीनची सुरुवात. अर्थ असा, माप मारणाऱ्यांची बरबादी आहे, जे लोकांकडून घेताना पुरं मोजून घेतात आणि लोकांना मोजून किंवा तोलून देताना कमी देतात. खाली तीन ओळी, आज हे कुठं लागू पडलं. मी पेन उघडला आणि बंद केला. कापडाच्या धंद्यात असलेल्यांना सांगायला नको, ठोकवाल्याकडून थान घेताना आपण कापड ढिलं सोडून मोजतो, एक बोटही कमी भरलं की त्याच्याशी भांडतो, आणि गिऱ्हाइकाला देताना तेच कापड गजावर ताणून मोजतो. मीटरमागे दोन-तीन बोटं वाचतात. हे मला कोणी शिकवलं नाही, अब्बांच्या हाताकडं पाहून हात शिकला, चोरी म्हणून कधी केलंच नाही ना, हात तसाच चालतो. एक टेलरिंगवाल्या काकू आहेत आमच्या नेहमीच्या, त्या दिवाळीतच म्हटल्या होत्या, "भाऊ, तुमचं ऐंशी सेंटीमीटरचं ब्लाउज पीस माझ्याकडं पंच्याहत्तर-शहात्तरच भरते हो." मी काय म्हटलं तर काकू आटलं असन, कॉटन आहे ना. न धुतलेलं कापड आटलं म्हणे!

त्या रात्री त्या तीन ओळीत मी फक्त "काकू" एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराला सांगितलं, आजपासून कापड गजावर सोडून मोजायचं. तो माझ्याकडं पाहून राहिला, मग म्हणे रमजानपुरतं का शेठ? त्याचंही काय चुकलं. ईदची गर्दी, दिवसाला साठेक पीस जातात, एका पिसामागे चार सेंटीमीटर धरले तर अडीच मीटरच्या आसपास कापड रोज जास्त जाऊन राहिलं, रुपयात दोनेकशे. चार दिवस हिशोब करून पोटात दुखलं खरं सांगतो, रोजा लागल्यापेक्षा जास्त. काकू आल्या तेव्हा त्यांना चार पीस जास्तीचे दिले, का दिले ते सांगायची हिंमत झाली नाही, त्यांना वाटलं ईदची भेट आहे, "ईद मुबारक भाऊ" म्हणून शिरखुर्म्याचं आमंत्रण मागून गेल्या. हे पण डायरीत लिहिलं आहे, सांगणं बाकी म्हणून.

बाकीच्या आयती काही लागल्या, काही नाही. लुकमानची, की चाल साधी ठेव आणि आवाज खाली ठेव कारण सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा, ही लेकीनं मोठ्यानं वाचली आणि म्हणे अब्बा तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर बोलता तो का? गीबतची आयत, पाठीमागं वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, ती ज्या दिवशी होती त्याच दिवशी तरावीहनंतर चहाच्या टपरीवर आम्ही पाच जण मशिदीच्या नव्या कमिटीला सोलून राहिलो होतो. मी गप्प बसलो तर एक जण म्हणे तब्येत बरी नाही का. दोन दिवस गप्प राहिलो, तिसऱ्या दिवशी परत तेच. फेल.

उधारीवाली मात्र लिहायलाच पाहिजे. सूरा बकराची २८२वी आयत, पूर्ण कुरआनातली सगळ्यात लांब, आणि ती कशावर तर देणं-घेणं लिहून ठेवा यावर! मुदतीचं कर्ज असेल तर लिहून घ्या, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो का मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. मला चाळीस वर्षं वाटत होतं नातेवाइकात लिहून मागणं म्हणजे अविश्वास. साडूला दोन वर्षांआधी वीस हजार दिले होते, तोंडी, आणि त्याच्यावरून दोन वर्षं मनात कुढून राहिलो होतो, त्याला वाटते पंधराच आहेत. इफ्तारला बोलावलं, आयत दाखवली, दोघांनी बसून सतरा ठरवले आणि कागदावर लिहिले. तीन हजार गेले असं आमची बेगम म्हणते, पण तीच म्हणे आता तू ईदला त्याच्याशी नीट बोलशील तर.

आता बेगमची तक्रार, आणि ती माझ्यापेक्षा बरोबर आहे. डायरीत तीस दिवसांचे तीस चौकोन आहेत, पण बायकांचे जे दिवस सुटतात, ज्यात रोजा ठेवायचाच नसतो आणि नंतर कजा करायचा, म्हणजे भरून काढायचा असतो, त्याची नोंद करायला डायरीत जागाच नाही. "माझ्या पानावर सात दिवस फुल्या दिसतात, जसं मी झोपा काढल्या," ती म्हणे. आजारी आणि प्रवासी माणसाचं पण तेच. ज्या आयतीत रोजा फर्ज, म्हणजे सक्तीचा केला तिच्याच पुढच्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांनी दुसऱ्या दिवसांत मोजणी पुरी करावी हे सांगितलेलं आहे, ती आयत स्वतः या डायरीत तिसऱ्या दिवशी छापली आहे, आणि त्यासाठी कॉलम नाही! डायरी कोण्या पुरुषानं बनवली हे सांगायला नकोच.

अजून एक, इफ्तारच्या नासाडीवर फक्त एक दिवस आहे, "खा, प्या पण उधळू नका" ही आयत विसाव्या रोज्याला. अरे ती पहिल्याच दिवशी पाहिजे, विसाव्यापर्यंत आमच्या घरून किती भजे अन् किती फ्रूट चाट गाईला गेली त्याचा हिशोब नाही. दिवसभर उपाशी राहून मोमिनपुऱ्यात रात्री अकराला कबाबच्या धुरात उभं राहिलं की माणूस आयत विसरतेच, मी पण.

कागद पातळ आहे, जेल पेननं लिहिलं तर मागच्या पानावर फुटते, बॉलपेन वापरा. बाइंडिंग बाविसाव्या रोज्याला सुटलं, दुकानातला फॉलचा धागा घेऊन शिवून टाकलं. मराठी बरी आहे, पुस्तकी आहे थोडी, "संयम", "ईशपरायणता" असले शब्द, आमच्या घरी सब्र आणि तक्वाच म्हणतात आणि तेच कळते, पण मराठी शाळेत शिकलेल्याला अडचण नाही. मुसलमान नसलेल्या एका गिऱ्हाइकानं गल्ल्यावर पडलेली पाहून दोन-तीन पानं वाचली, त्याला समजलं, म्हणजे झालं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार टाइमचा कापला, अर्धा बेगमनं कापला, अर्धा त्या चौकोनांचा. घ्यायची असेल तर चांद दिसायच्या आधी घ्या, नंतर मिळत नाही, आणि दोनशे देऊ नका.

ईद होऊन गेली तरी डायरी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच आहे. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातल्या सहा रोज्यांची पानं तिच्यात नाहीत, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर आतून रेघा मारून लिहून राहिलो. पहिल्या दिवसाच्या रेघेवर परत "काकू" लिहिलं आहे, शनिवारी अस्तर न्यायला येणार आहेत.